जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीचे चढउतार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचे ३९वे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी पूर्ण करून गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल एकच वाक्य सगळीकडे ऐकू येतं: माणूस भला, पण राष्ट्राध्यक्ष म्हणून फसलेला. मला हे वाक्य पटत नाही. हाती घेतलेल्या कामात स्वतः खोलवर उतरायचं आणि त्याची राजकीय किंमत नंतर मोजायची, हा त्यांचा स्वभाव व्हाइट हाउसमध्ये होता आणि पुढच्या चव्वेचाळीस वर्षांतही तसाच राहिला. त्यांना मिळालेलं यश आणि त्यांना बसलेले फटके, दोन्ही त्यातूनच आले. नेहमी विचारले जाणारे प्रश्न त्याच नजरेनं घेतले आहेत.

कार्टर म्हणजे ते भुईमुगाचे शेतकरी ना?

हो, पण तेवढंच नाही. १ ऑक्टोबर १९२४ रोजी जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्या गावी त्यांचा जन्म झाला. इस्पितळात जन्मलेले ते अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. ज्या शेतघरात ते वाढले तिथे बरीच वर्षं वीज नव्हती, नळही नव्हता. लहानपणी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा पुड्या बांधून ते प्लेन्सच्या रस्त्यावर विकायचे. पुढे १९४६ साली ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून ते बाहेर पडले आणि त्याच वर्षी रोझलिन यांच्याशी लग्न केलं. पाणबुड्यांवर काम केल्यावर ते ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांच्या अणुपाणबुडी प्रकल्पात दाखल झाले.

१९५३ मध्ये वडील कर्करोगानं गेले आणि कार्टर नौदल सोडून गावी परतले. रोझलिनना हे अजिबात मान्य नव्हतं. पहिल्याच हंगामात दुष्काळ पडला आणि वर्षाचा नफा दोनशे डॉलरच्याही आत राहिला. शेती आणि शेंगांचं गोदाम नावारूपाला यायला बरीच वर्षं गेली. या सगळ्या हिशोबाच्या वह्या रोझलिनच सांभाळायच्या.

ते खरंच बिघडलेल्या अणुभट्टीत उतरले होते?

खरंच उतरले होते. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. ती उकलायला जी पथकं गेली, त्यांतल्या एकाचे प्रमुख २८ वर्षांचे कार्टर होते. किरणोत्सर्ग इतका होता की एका माणसाला आत दीड मिनिटापेक्षा जास्त थांबता येत नव्हतं. मग जवळच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली. कुठला बोल्ट, कुठला पाना, कुठल्या बाजूला किती पीळ, याची तिथे तालीम व्हायची. मग खाली उतरायचं, एखाद-दोन बोल्ट काढायचे आणि धावत वर यायचं. निघालेला प्रत्येक भाग प्रतिकृतीवरूनही काढला जायचा, म्हणजे पुढच्या माणसाला नेमकं काय उरलंय ते कळे.

मार्च १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्टर चार दिवसांत स्वतः तिथे पोहोचले. आपण कशात पाऊल टाकतोय हे त्यांना इतर कुठल्याही पुढाऱ्यापेक्षा जास्त कळत होतं.

पहिल्याच निवडणुकीत मेलेल्या माणसांनी मतदान केलं, ही गोष्ट काय आहे?

१९६२ साली ते जॉर्जियाच्या राज्य सिनेटसाठी उभे राहिले. क्विटमन काउंटीत स्थानिक पुढाऱ्याच्या देखरेखीखाली मतदान झालं. मतदार आले त्यापेक्षा पेटीत मतं जास्त निघाली. वारलेल्यांचीही मतं पडली होती आणि यादीत शंभरावर माणसं चक्क वर्णानुक्रमानं रांगेत येऊन मत देऊन गेली होती. कार्टर हरल्याचं जाहीर झालं. ते न्यायालयात गेले, पुरावे गोळा केले आणि जागा मिळवली. पुढे त्यांच्या संस्थेनं जगभरात शंभरावर निवडणुकांची पाहणी केली. मतपेटीत काय काय करता येतं, हे ते घरूनच शिकून आले होते.

वर्णभेदाबाबत त्यांची भूमिका कायम स्वच्छ होती का?

नाही, आणि हे सांगितलंच पाहिजे. १९५०च्या दशकात प्लेन्समधल्या गोऱ्यांच्या वर्णभेदवादी संघटनेत सामील व्हायला त्यांनी नकार दिला. त्यासाठी त्यांच्या धंद्यावर बहिष्कारही आला. पण १९६६ मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीत ते हरले आणि खुर्ची लेस्टर मॅडॉक्स या कट्टर वर्णभेदवाद्याकडे गेली. तो पराभव त्यांच्या फार जिव्हारी लागला. १९७० च्या प्रचारात त्यांनी त्याच वर्णभेदी मतदारांना चुचकारलं आणि निवडून आले.

मग जानेवारी १९७१ मध्ये शपथविधीच्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं की वर्णभेदाचा काळ संपला आहे. ज्यांनी मतं दिली त्यांतले कितीतरी जण समोरच बसले होते. गव्हर्नर म्हणून त्यांनी कृष्णवर्णीयांच्या नेमणुका वाढवल्या आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची तसबीर राज्याच्या विधिमंडळात लावली. पुढचं काम चांगलं झालं म्हणून १९७०चा प्रचार धुऊन निघत नाही, असं मला वाटतं.

कुणाला माहीत नसलेला माणूस १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष कसा झाला?

‘जिमी कोण?’ हा तेव्हाचा नेहमीचा प्रश्न होता. पण व्हिएतनाम आणि वॉटरगेट यांनी पोळलेल्या लोकांना वॉशिंग्टनच्या बाहेरचाच माणूस हवा होता. त्यात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी निक्सनना माफी दिलेली. कार्टर गावोगाव फिरले, कार्यकर्त्यांच्या घरी मुक्काम केला आणि मी तुमच्याशी कधी खोटं बोलणार नाही, असं सांगत राहिले. पक्षाची उमेदवारी ठरवणारी पहिली फेरी आयोवा राज्यात झाली. तिथे ‘कुणीच ठरलेलं नाही’ म्हणणारे मतदार पहिले आले आणि कार्टर दुसरे. पण नावानिशी उमेदवारांत तेच पुढे असल्यानं वर्तमानपत्रांत त्यांचं नाव झळकलं. शेवटी २९७ विरुद्ध २४० इलेक्टोरल मतांनी, म्हणजे तसं निसटतंच, ते जिंकले. शपथविधीनंतर बंद गाडीतून न जाता रोझलिनचा हात धरून ते पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरून चालत व्हाइट हाउसला गेले.

त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं यश कोणतं?

कॅम्प डेव्हिड, याबद्दल दुमत नसावं. ५ ते १७ सप्टेंबर १९७८ असे तेरा दिवस त्यांनी इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाखेम बेगिन यांना मेरीलँडच्या डोंगरातल्या त्या विश्रामस्थानी ठेवून घेतलं. चार युद्धं झालेले हे दोन देश. सुरुवातीच्या बैठकांत दोघांचे असे खटके उडाले की त्यांना समोरासमोर बसवण्यात अर्थ उरला नाही. मग कार्टर एका कुटीतून दुसऱ्या कुटीत हेलपाटे घालू लागले. मसुदा खोडायचा, पुन्हा लिहायचा, पुन्हा न्यायचा. असे वीसहून अधिक मसुदे झाले. इस्रायलच्या ताब्यातल्या सिनाई द्वीपकल्पाबद्दलचा मसुदा तर राष्ट्राध्यक्षांनी स्वतः पिवळ्या कागदांवर लिहून काढला होता.

अकराव्या दिवशी सादात यांनी सामान बांधलं. कार्टर एकटे त्यांच्या कुटीत गेले आणि निघून गेलात तर आपली मैत्री संपली, असं सांगून त्यांना थांबवलं. शेवटच्या दिवशी जेरुसलेमच्या मुद्द्यावर बेगिन अडले. त्यांना नातवंडांसाठी तिघांचे सही केलेले फोटो हवे होते. कार्टर यांच्या सचिवांनी नातवंडांची नावं मिळवली आणि कार्टर यांनी एकेका फोटोवर एकेकाचं नाव घालून सही केली. फोटो घेऊन ते बेगिन यांच्या कुटीत गेले. बेगिन एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले आणि त्यांचा आवाज दाटून आला. त्यानंतर बोलणी पुन्हा सुरू झाली.

२६ मार्च १९७९ रोजी शांतता करारावर सह्या झाल्या. सिनाई इजिप्तला परत मिळालं आणि त्या दोन देशांत पुन्हा युद्ध झालेलं नाही. पॅलेस्टिनींचा प्रश्न मात्र तसाच राहिला. व्याप्त भागातल्या नव्या इस्रायली वसाहती किती काळ थांबवायच्या यावर कार्टर आणि बेगिन यांची समजूत वेगवेगळी निघाली. बेगिन म्हणाले, मी फक्त तीन महिने म्हटलं होतं. सादात यांची तर ६ ऑक्टोबर १९८१ रोजी हत्याच झाली.

त्याखेरीज काय केलं?

पुष्कळ. पनामा कालवा पनामाला परत देण्याचे करार त्यांनी केले. सिनेटमध्ये ते ६८ विरुद्ध ३२ असे, म्हणजे लागणाऱ्या दोनतृतीयांशापेक्षा एकाच मतानं जास्त, मंजूर झाले. चीनशी राजनैतिक संबंध सुरू झाले ते १ जानेवारी १९७९ पासून. ऊर्जा आणि शिक्षण ही दोन स्वतंत्र खाती त्यांच्याच काळातली. अलास्कात दहा कोटी एकरांहून जास्त जमिनीला त्यांनी कायद्याचं संरक्षण दिलं, तेही पराभव झाल्यावर, जायला जेमतेम सात आठवडे उरले असताना. व्हाइट हाउसच्या छपरावर १९७९ मध्ये त्यांनी पाणी तापवणारी ३२ सौर तावदानं बसवली. त्यांना हरवून आलेले पुढचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या काळात ती उतरवली गेली.

दोन्ही सभागृहांत स्वतःच्या पक्षाचं बहुमत होतं, तरी गाडी का अडली?

सत्तेवर येऊन महिना झाला नाही तोच त्यांनी धरणं आणि पाण्याच्या प्रकल्पांची एक यादी काढली आणि यांचे पैसे बंद म्हणून जाहीर केलं. प्रकल्प उधळपट्टीचे होते, हे त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. पण धरण म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. तिथेही प्रत्येक धरणामागे एक सिनेटर, त्याचे मतदार, त्याचे कंत्राटदार होते. या मंडळींना आधी विश्वासात घेतलं नव्हतं. कित्येकांना बातमी वर्तमानपत्रातून कळली. तो राग चार वर्षं गेला नाही.

अडीच वर्षं त्यांनी व्हाइट हाउसमध्ये मुख्य सचिवासारखा चीफ ऑफ स्टाफ नेमलाच नाही. सगळं टेबलावर यायचं आणि ते सगळं वाचायचे. इंजिनिअरची ती सवय कॅम्प डेव्हिडला तारून गेली. रोजच्या कारभारात मात्र त्याच सवयीनं घात केला.

महागाई त्यांच्यामुळे वाढली का?

सगळी नाही. महागाई आधीपासूनच होती. इराणमधल्या क्रांतीनंतर तेलाचे भाव दुपटीच्या वर गेले आणि १९७९च्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९८० मध्ये सरासरी महागाई साडेतेरा टक्के होती. ऑगस्ट १९७९ मध्ये कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर, नेमलं. व्होल्कर व्याजदर चढवणार हे उघड होतं, आणि ते चढलेही. निवडणुकीच्या वर्षअखेरीस बँकांचा मूळ दर २१ टक्क्यांवर गेला. महागाई नंतर उतरली. श्रेय रेगन यांच्या खात्यावर जमा झालं.

जुलै १९७९ मधलं त्यांचं भाषणही खूप बदनाम आहे. देशाचा आत्मविश्वास खचलाय, आपण वस्तूंच्या मागे लागलोय, असं ते टीव्हीवरून बोलले. गंमत अशी विसरली जाते की लोकांना ते आधी आवडलं होतं, लोकप्रियता वाढली होती. पण दोनच दिवसांत त्यांनी सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागवले, पाच मंत्री गेले आणि सरकारच कोसळतंय असं चित्र उभं राहिलं.

इराणच्या ओलीस प्रकरणात त्यांची चूक कुठे झाली?

माझ्या मते दोन ठिकाणी. पहिली चूक तेहरानमध्ये, ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री. इराणचे राजे शाह यांच्यासोबतच्या मेजवानीत कार्टर यांनी इराणला अशांत प्रदेशातलं स्थैर्याचं बेट म्हटलं. मानवी हक्कांचा उच्चार घरोघर करणाऱ्या माणसानं ज्याच्या तुरुंगांत छळ चालतो त्याचं असं कौतुक केलं, हे इराणी लोक विसरले नाहीत. जेमतेम वर्षभरानं शाहला देश सोडावा लागला. दुसरी चूक ऑक्टोबर १९७९ मधली: कर्करोगावर उपचार म्हणून शाहला अमेरिकेत घेतलं. कार्टर यांचं मन त्याला तयार नव्हतं. उद्या इराण्यांनी तिथल्या आपल्या लोकांना ओलीस धरलं तर काय करायचं, असं त्यांनीच सल्लागारांना विचारल्याचं नोंदलेलं आहे. ४ नोव्हेंबरला नेमकं तेच झालं.

५२ अमेरिकन ४४४ दिवस अडकून राहिले. एप्रिल १९८० मध्ये सुटकेसाठी धाडलेल्या मोहिमेत आठ हेलिकॉप्टरं होती आणि किमान सहा लागणार होती. वाळूच्या वादळात आणि बिघाडांत तीन गळाली, उरली पाच. मोहीम रद्द झाली. परतीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर इंधनाच्या विमानावर आदळलं आणि आठ जवान गेले. मोहिमेला विरोध असलेले परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स यांनी राजीनामा दिला. सकाळी सात वाजता कार्टर टीव्हीवर आले आणि जबाबदारी माझी आहे, असं म्हणाले.

शेवटच्या दोन रात्री ते कार्यालयात जवळजवळ जागेच होते. अल्जीरियाच्या मध्यस्थीनं, अमेरिकेनं गोठवलेल्या इराणच्या पैशांचा हिशोब जुळला, पण ओलिसांना आणणारी विमानं तेहरानच्या धावपट्टीवरच थांबवून ठेवली गेली. २० जानेवारी १९८१ रोजी दुपारी रेगन यांनी शपथ घेतली आणि त्यानंतर काही मिनिटांतच ती उडाली. दुसऱ्या दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून कार्टर सुटलेल्यांना भेटायला पश्चिम जर्मनीत गेले.

१९८० चा पराभव किती मोठा होता?

रेगन ४८९, कार्टर ४९ इलेक्टोरल मतं. जेमतेम सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन. पक्षातूनच टेड केनेडी उभे ठाकले होते, अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत घुसखोरीनंतर धान्य निर्यातबंदीनं शेतकरी दुखावले होते, मॉस्को ऑलिंपिकवरच्या बहिष्कारानं खेळाडू. पश्चिमेकडच्या राज्यांत मतदान सुरू असतानाच कार्टर यांनी पराभव मान्य केला. तिथे आपल्या पक्षाचे उमेदवार अजून लढत होते याचा त्यांनी विचार केला नाही, हा राग पक्षातल्या अनेकांनी धरला आणि तो रास्त होता.

तारापूरशी कार्टर यांचा काय संबंध?

तारापूरच्या अणुवीज केंद्राला अमेरिकेतून इंधन यायचं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिका बिथरली. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीत आले, तेव्हा मायक्रोफोन चालू आहे हे लक्षात न येता त्यांनी व्हॅन्सना सांगितलं की परतल्यावर मोरारजी देसाईंना थंड आणि रोखठोक पत्र पाठवू. ते शब्द वार्ताहरांनी टिपले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी सही केलेल्या कायद्यानं, सगळी अणुकेंद्रं तपासणीला खुली न करणाऱ्या देशांना इंधन बंद झालं.

तरीही १९८० मध्ये कार्टर यांनीच तारापूरसाठी ३८ टन इंधनाला परवानगी दिली. प्रतिनिधिगृहानं ती फेटाळली; सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशी ती कशीबशी वाचली. मुंबईला वीज पुरवणाऱ्या केंद्राचं भवितव्य वॉशिंग्टनमधल्या दोन मतांवर होतं.

त्यांची आई खरंच विक्रोळीत राहायची?

हो. लिलियन कार्टर प्रशिक्षित नर्स होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या सेवायोजनेतल्या स्वयंसेविका म्हणून त्या मुंबईत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी सुमारे दोन वर्षं काढली. आधी कुटुंबनियोजनाचं काम आणि मग दवाखान्यात. कुष्ठरोग्यांची शुश्रूषाही त्यांनी केली. त्यांचा जन्म १५ ऑगस्टचा, त्यामुळे सत्तरावा वाढदिवस इथल्या स्वातंत्र्यदिनीच आला. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यसंस्काराला फेब्रुवारी १९७७ मध्ये कार्टर यांनी आपल्या आईलाच पाठवलं. हरियाणातल्या दौलतपूर नसिराबादचं नाव कार्टरपुरी झालं ते १९७८ च्या भेटीमुळे. लिलियनबाईंचं काम मात्र विक्रोळीतलं.

पद गेल्यावर त्यांनी काय केलं?

पद असताना त्यांचं गोदाम विश्वस्तांच्या हाती होतं. परत आले तर दहा लाख डॉलरहून जास्त कर्ज. धंदा विकला आणि लिहायला बसले. पुढे तीसवर पुस्तकं लिहिली. १९८२ मध्ये एमरी विद्यापीठाच्या साथीनं अटलांटात कार्टर सेंटर सुरू केलं. १९८९ मध्ये पनामातल्या निवडणुकीत तिथले हुकूमशहा जनरल नोरिएगा यांची लबाडी त्यांनी तिथेच उभं राहून उघड केली. १९९४ मध्ये उत्तर कोरियात जाऊन किम इल सुंग यांना भेटले. क्लिंटन सरकारला न विचारता त्यांनी तिथूनच टीव्हीवर तोडगा जाहीर केला आणि सरकार चिडलं. ही सवय काही सुटली नाही.

आणि नारू?

हे त्यांचं सर्वांत मोठं काम, असं मी मानतो, कॅम्प डेव्हिड धरूनही. नारू म्हणजे काय ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. पायविहिरीत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यातल्या बारीक जीवांबरोबर अळ्या पोटात जायच्या आणि वर्षभरानं पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा, दीड-दोन हात लांब किडा बाहेर यायचा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा; तुटला तर पाय सुजायचा, पिकायचा. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवायचा आणि तेच पाणी पुन्हा नासायचं. औषध नाही, लस नाही. पाणी गाळून प्यायचं आणि आजारी माणसाला पाण्यात उतरू द्यायचं नाही, एवढाच उपाय.

१९८६ मध्ये कार्टर सेंटरनं ही मोहीम हाती घेतली तेव्हा जगात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते. १९८८ मध्ये घानातल्या एका गावात कार्टर यांना एक तरुणी दिसली. तिनं छातीशी बाळ धरलंय असं वाटून ते नाव विचारायला जवळ गेले. ते बाळ नव्हतं. तिचं सुजलेलं स्तन होतं आणि त्यातून नारू बाहेर येत होता. हा प्रसंग ते आयुष्यभर सांगत राहिले. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत त्यांनी याच कामासाठी काही महिन्यांचा युद्धविराम घडवून आणला. २०२३ मध्ये जगभरात माणसांतले रुग्ण होते अवघे १४.

भारतातला नारू आपल्याच आरोग्यसेवकांनी आणि हातपंपांनी घालवला, हेही नोंदवायला हवं. महाराष्ट्र त्या बाधित राज्यांत होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त ठरवला.

नोबेल इतक्या उशिरा का?

१९७८चं शांतता नोबेल सादात आणि बेगिन यांना मिळालं. कार्टर यांचं नामांकन मुदतीत पोहोचलं नव्हतं. त्यांना ते २००२ मध्ये मिळालं.

लोणावळ्याला ते कधी आले होते?

२००६ मध्ये. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या कामासाठी जिमी आणि रोझलिन १९८४ पासून दरवर्षी आठवडाभर घरं बांधायला जात. त्या वर्षी लोणावळ्याजवळ पाटण गावात गरीब कुटुंबांसाठी शंभर घरांचं काम झालं. कार्टर ८२ वर्षांचे होते आणि हातात हत्यारं घेऊन बांधकामावर उभे होते. सुतारकाम त्यांना चांगलं यायचं. घरातलं कितीतरी फर्निचर त्यांनी स्वतः केलेलं होतं.

त्यांची शेवटची वर्षं कशी गेली?

२०१५ मध्ये कर्करोग मेंदूपर्यंत पोहोचल्याचं त्यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितलं. शेवटचा नारू माझ्या आधी मरावा, असंही म्हणाले. नव्या उपचारांनी ते बरे झाले आणि गावच्या चर्चमध्ये रविवारचा वर्ग घेत राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये इस्पितळातले उपचार थांबवून त्यांनी घरीच राहायचं ठरवलं. नोव्हेंबरमध्ये रोझलिन गेल्या. लग्नाला ७७ वर्षं झाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर पूर्ण झाल्यावर त्यांनी टपालानं मतदानही केलं.

९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला. तिथे १९७६ मध्ये त्यांच्याकडून हरलेल्या फोर्ड यांनी हयातीतच लिहून ठेवलेलं श्रद्धांजलीचं भाषण फोर्ड यांच्या मुलानं वाचून दाखवलं. दोघे पुढे जिवलग मित्र झाले होते. संध्याकाळी प्लेन्सला, घराच्या आवारात, रोझलिनशेजारी त्यांना पुरलं. दोन बेडरूमचं ते बैठं घर त्यांनी १९६१ मध्ये बांधलं होतं आणि व्हाइट हाउसहून परतल्यावरही ते तिथेच राहिले.